अडुसष्ट वर्षांचा रांजण

प्यो जोंग-ताक यांच्या हातून रांजण फुटला तो मंगळवारी सकाळी, सव्वाअकराच्या सुमारास. आता 'हातून' म्हणणंही तसं बरोबर नाही. रांजण त्यांच्या पाठीवर होता. पण रांजण फुटल्यावर तो हातून फुटला की पाठीवरून, ही चर्चा फक्त फोडणाराच करतो. बाकीचे खाली बघतात आणि तोंडावर हात ठेवतात.

जोंग-ताक हे दक्षिण कोरियातल्या युनसान गावच्या पाणीपुरवठा कार्यालयात उपविभागप्रमुख. वय सत्तेचाळीस, चष्मा, डोक्यावर बेताचे केस, आणि चालताना हात मागे बांधायची सवय. कार्यालयात त्यांच्यासमोर बसायची लोकांची छाती होत नसे. घरी त्यांच्या मातोश्रींसमोर बसायची त्यांची छाती होत नसे. निसर्ग असा कुठेतरी हिशेब जुळवतोच.

मातोश्री म्हणजे गू बोक-ऐ. वय वर्षं एकोणऐंशी, उंची जेमतेम खांद्याला लागेल एवढी, आणि दरारा पाचव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत. जोंग-ताक तिसरीत असताना त्यांनी न विचारता रांजणाचं झाकण उघडून आत बोट बुडवलं होतं, तेव्हा मातोश्रींनी त्यांना दोन्ही हात वर करून दुपारभर अंगणात उभं केलं होतं. अजूनही कुणी 'झाकण' म्हटलं की त्यांचे खांदे दुखत.

तर हा रांजण. गुडघ्याएवढा, काळपट तपकिरी, इमारतीच्या गच्चीवर दक्षिणेच्या कोपऱ्यात ठेवलेला. त्यात सोया, म्हणजे सोयाबीन मुरवून केलेला काळा खारट रस. दुकानातल्या बाटलीतला नव्हे. लढाई संपून घर पुन्हा उभं राहिलं त्या वर्षी मातोश्रींच्या सासूबाईंनी लावलेला मूळ सोया. दरवर्षी नवा सोया झाला की त्यातलं थोडं या रांजणात घालायचं आणि यातली एक पळी नव्यात टाकायची. विरजणासारखं. विरजण मात्र शेजारणीकडून मागून आणता येतं. हा अडुसष्ट वर्षांचा सोया युनसानमध्ये दुसरीकडे कुठे नव्हता, कारण मातोश्रींनी तो आजवर कुणाला दिलाच नव्हता.

त्या महिन्यात मातोश्रींच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे समुद्राकाठच्या तोंगयोंगला राहणाऱ्या मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मातोश्री दहा दिवसांसाठी गेल्या. जाताना त्यांनी मुलाला समोर बसवलं.

"ऊन असेल तर सकाळी झाकण काढायचं. चारला लावायचं. ढग दिसला की लावायचं. आणि हात?"

"लावायचा नाही," जोंग-ताक म्हणाले.

"सूनबाईला सांगितलं असतं, पण तिची शाळा असते. तू काय, कार्यालयात बसूनच असतोस."

हा घाव त्यांनी मुकाट्याने झेलला. सून मी-ओक बालवाडीत शिकवायची, आणि तिचं काम खरोखर जास्त होतं.

तिसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली. गच्चीला गळतीरोधक थर द्यायचा असल्याने सर्व रांजण, मडकी, कुंड्या शुक्रवारपर्यंत हलवाव्यात. न हलवल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. जोंग-ताक इस्त्रीचा शर्ट घालून व्यवस्थापन कार्यालयात गेले. तिथे माएंग नावाचे चाळिशीचे गृहस्थ बसत.

"एका रांजणाला सूट हवी होती," जोंग-ताक म्हणाले. "तो हलवण्यासारखा नाही."

"अर्ज करा ना, प्योसाहेब. रांजणाच्या मालकाची सही आणि नावाचा शिक्का लागेल."

"मालक माझी आई. ती तोंगयोंगला आहे."

"मग अधिकारपत्र आणा. त्यावर त्यांचा शिक्का."

"शिक्का तिच्या पर्समध्ये आहे. पर्स तिच्याबरोबर आहे."

"मग त्या आल्यावर या."

"ती येणार पुढच्या आठवड्यात. मुदत शुक्रवारची!"

"नियम आहे साहेब," माएंग हळुवारपणे म्हणाले. "तुम्हाला मी काय सांगणार?"

हे शेवटचं वाक्य फार लागलं. कारण 'मालकाची सही आणा' असं सांगून वीस वर्षं लोकांना परत पाठवण्याचं काम जोंग-ताक स्वतः करत होते, आणि ते तेव्हा किती वाजवी वाटायचं!

म्हणजे कार्यालयात उशिरा जाऊन रांजण खाली आणणं आलं. इमारत जुनी, लिफ्ट नाही. पाचव्या मजल्यावरच्या ब्योन काकूंना या गोष्टीचा सुगावा न लागता तर नवल. त्या गच्चीच्या दारातच उभ्या होत्या.

"हातात धरून नेऊ नका. पायरी दिसत नाही. माझी मोठी जाऊ अशीच गेली."

"वारल्या?"

"छे! घसरली. पाठीवर बांधा. नातवाची झोळी आहे माझ्याकडे. अठरा किलोचा नातू मी त्यात वागवलाय. हा काय, रडणारसुद्धा नाही."

ती झोळी गुलाबी होती आणि तिच्यावर ससे होते. उपविभागप्रमुखांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी पाठ वाकवली, काकूंनी रांजण चढवला, झाकण वेगळं काढून स्वतःच्या हातात घेतलं, तोंडावर फडकं बांधलं आणि छातीवर गाठ मारली. जोंग-ताक भिंतीला धरून, एकेक पायरी, श्वास रोखून उतरू लागले. पहिला जिना झाला. दुसऱ्याच्या अर्ध्यावर आले. त्यांना चक्क अभिमान वाटू लागला.

आणि खालून नाम गुरुजी आले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक, वय पंच्याऐंशी, खांद्यावर वाळत घालायची गोधडी.

"थोर माणूस समोर आलं की कंबर वाकली पाहिजे," हे मातोश्रींनी मुलाच्या हाडात भिनवलेलं. ते डोक्यापर्यंत जातच नाही, परस्पर कंबरेतच उतरतं. जोंग-ताक थांबले, दोन्ही हात मांड्यांशी नेले आणि नव्वद अंशात वाकले.

"नमस्कार, गुरुजी."

रांजण त्यांच्या डोक्यावरून पुढे गेला. अगदी शांतपणे, एखादं मोठं माणूस बाहेर पडावं तसा. गुरुजींनी गोधडी पसरायचा प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. मग आवाज झाला.

अडुसष्ट वर्षं एका जागी बसलेला सोया काळ्या रेशमासारखा पायरी पायरी उतरत दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. वास असा सुटला की सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, कुणाकडे काय शिजतंय?" आणि मग पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. ब्योन काकू भाताचा डाव घेऊन धावत आल्या आणि पायरीवरून खरवडू लागल्या. त्यांना अर्धी वाटी मिळाली. त्यात वाळू होती, रंगाचा पोपडा होता आणि गुरुजींच्या गोधडीचा दोरा होता.

जोंग-ताक अजून वाकलेलेच होते. सरळ झालो तर हे सगळं खरं ठरेल असं त्यांना वाटत होतं.

"रांजण गेला," ब्योन काकू झाकण उंच धरून म्हणाल्या, "पण झाकण बघा, टवकासुद्धा उडाला नाही!"

संध्याकाळी मी-ओक शाळेतून आली, जिन्यातून वर आली, आणि दारात तिने फक्त एवढंच विचारलं, "तो?"

"तोच."

ती चपला न काढता तशीच खाली बसली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. चपला न काढता ती घरात कधी आली नव्हती. मग म्हणाली, "आत्ता फोन करा. आत्ताच्या आत्ता. शिळं झालं की सत्य आणखी वास मारतं."

जोंग-ताकनी फोन लावला. पलीकडून मातोश्री थेट म्हणाल्या, "झाकण?"

झाकण टेबलावर होतं. शाबूत होतं.

"झाकण ठीक आहे, आई," ते म्हणाले.

"हं," म्हणून मातोश्रींनी फोन ठेवला. मी-ओकने नवऱ्याकडे असं पाहिलं, की बालवाडीतली मुलं रडली असती.

दुसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. नाम गुरुजी नवी गोधडी घेऊन आले, कारण जुनी आता कायमची तपकिरी होती. म्हणाले, "सत्य सांगितलंच पाहिजे. पण केव्हा, हा प्रश्न आहे. मी माझ्या वडिलांना बऱ्याच गोष्टी त्यांच्या वर्षश्राद्धाला सांगितल्या. त्यांनी एका शब्दानं अडवलं नाही."

ब्योन काकू व्यवहारी. "एकोणऐंशी वय. रक्तदाब असेलच. सांगून मारायचंय का त्यांना? तसाच रांजण बाजारातून आणा. माझा पाच वर्षांचा सोया आहे, तो घाला. दुकानातला घाला. समुद्री शेवाळ, लाल खजूर, कोळसा घालून उकळा. म्हातारपणी जिभेला काय कळतं?"

"आईच्या जिभेला कळतं," मी-ओक म्हणाली.

"मग सुनेनं गप्प बसावं आणि सासूनं सर्दी होऊ द्यावी."

जोंग-ताकनी रजा टाकली. कारण लिहिलं 'कौटुंबिक आपत्ती', आणि ते त्यांच्या नोकरीतलं सर्वांत खरं निवेदन होतं. गुरुवारी दुपारभर घरात उकळणं चाललं. काकू ढवळत, ते चाखत. पाचव्यांदा चाखल्यावर त्यांना ते बरं लागलं. दहाव्यांदा फारच छान लागलं. नंतर जिभेची चवच गेली. नवा रांजण जुन्या फडक्याने पुसपुसून मळवला, वर जुनं झाकण ठेवलं आणि तो घराच्या व्हरांड्यात मांडला. ठरलं असं की आई आल्या की पहिले दोन दिवस विसाव्याचे, तिसऱ्या दिवशी शांतपणे सांगून टाकायचं. हा नवा रांजण म्हणजे फसवणूक नव्हे, धक्का हलका करायची गादी. असं ते स्वतःला समजावत होते.

पुढच्या बुधवारी सकाळी दाराची घंटा वाजली. बाहेर तालुका कार्यालयाचा कारकून, हातात कागदाच्या पट्ट्या आणि डिंक.

"गू बोक-ऐ यांचं घर? 'जुन्या घरांची चव' या मान्यतेसाठी अर्ज आहे त्यांचा. उद्या परीक्षक येणार. नमुना मोहोरबंद करायचाय."

"कसला नमुना?" जोंग-ताकना ऐकू आलं होतं, पण पोहोचलं नव्हतं.

"अडुसष्ट वर्षांचा सोया. तुम्हाला माहीत नाही? वर्षापूर्वीच भरलाय अर्ज त्यांनी."

आणि त्या माणसाने व्हरांड्यात जाऊन, ब्योन काकूंच्या पाच वर्षांच्या आणि दुकानातल्या आठवडाभराच्या मिश्रणावर कागदाची पट्टी चिकटवून सरकारी शिक्का मारला. ठप्प! जोंग-ताक भिंतीला टेकले. काल ही घरातली थाप होती. आता ती शासकीय झाली. आणि ते स्वतः शासकीय नोकर!

त्याच संध्याकाळी, अंधार पडल्यावर, दिवा गेलेल्या जिन्यातून मातोश्री आल्या. पट्टी पाहून पहिल्यांदाच कुणी पाहिलं असेल असं किंचित हसल्या.

"आले का चिकटवायला? तुम्हाला सांगितलं नव्हतं. नाकारला असता अर्ज, तर उगाच हसं." मी-ओकने गच्चीच्या कामामुळे रांजण खाली आणल्याचं सांगितलं तेव्हा वाकून बघत, "रांजण फार चकचकतोय."

"पुसला," जोंग-ताक म्हणाले.

"हात लावू नको म्हटलं होतं."

तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायला आता वेळच नव्हता. गुरुवारी सकाळी न्याहारीला ते मातोश्रींसमोर गुडघे मोडून बसले. मी-ओकने सूप वाढता वाढता त्यांना पाठीत एक बोट टोचलं.

"आई, एक सांगायचं होतं."

मातोश्रींनी चमचा खाली ठेवला. "बाहेर बाई आहे?"

"अहो काय बोलताय!"

"नोकरी गेली?"

"नाही."

"दुखणं?"

"ठणठणीत आहे मी."

"मग या तीन सोडून माणसानं गुडघे मोडून सांगावं असं जगात काही नसतं. भात गार होतोय. जेव, आणि चांगला कोट घाल. माणसं यायचीत."

बस्स, हुकली संधी. सूनबाईने उसासा टाकला तो सुपाची वाफ विरून गेल्यावरही ऐकू येत होता.

दहाला परीक्षक आले. तिघे. पुढे सन नावाचे प्राध्यापक, चाखण्याच्या विषयातले जाणकार. मातोश्रींनी सणाला नेसायचा फिकट राखाडी पोशाख काढला होता, केस चापूनचोपून बांधले होते. शेजारी ब्योन काकू आणि नाम गुरुजी 'सहज' येऊन बसले होते. पट्टी फाडली. प्राध्यापकांनी चिनीमातीच्या चमच्यात तीन थेंब घेतले, डोळे मिटले, आणि बराच वेळ ते उघडले नाहीत.

"अहाहा," शेवटी ते म्हणाले. "आधी खारट. मग गोड. मग... मग काळ."

"काळ," दुसऱ्या परीक्षकाने लिहून घेतलं.

"यात एका घराची तीन पिढ्यांची शिस्त आहे. दुकानातल्या मालाला हे सात जन्मांत जमणार नाही."

ब्योन काकूंना ठसका लागला. जोंग-ताक मात्र मातोश्रींकडे बघत होते. ती शिस्तीची बाई, जिने आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नाही, ती स्तुती ऐकून चक्क खाली बघत होती. कान लाल झाले होते. आणि ते कान दुकानातल्या बाटलीसाठी लाल झाले होते. हे त्यांना पाहवलं नाही.

"थांबा," ते उठून म्हणाले. आवाज किरटा निघाला. "लिहू नका. तो सोया हा नव्हे. तो मी फोडला. जिन्यात. झोळीत बांधून. हा मी आणि काकूंनी गेल्या गुरुवारी उकळलाय."

ब्योन काकू छताकडे बघू लागल्या.

पहिले सावरले ते प्राध्यापक. पण भलत्याच बाजूला. "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," ते ताठरपणे म्हणाले.

"अहो, मीच फोडला!"

"मी एकतीस वर्षं चाखतोय. हा साठच्या वरचा आहे. माझी जीभ खोटं बोलत नाही."

"शिवाय पट्टी शाबूत होती," दुसरे म्हणाले. "शिक्का आहे. आणि माघार घ्यायला अर्जात रकाना नाही."

हा वाद कदाचित दुपारपर्यंत चालला असता. मातोश्रींनी हात पुढे केला. प्राध्यापकांनी चमचा दिला. त्यांनी एक थेंब जिभेवर ठेवला आणि चमचा हलकेच ताटलीत टाकला.

"जिना दाखव," त्या म्हणाल्या.

डाग अजून होता. फरशी घासून घासून पांढरी झाली होती, पण सांध्यांतून काळी रेघ दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली होती. मातोश्री कठडा धरून एकेक पायरी उतरल्या, दुसऱ्या मजल्यावर रेघ संपली तिथे बसल्या. चांगल्या पोशाखात, चक्क पायरीवर. जोंग-ताक मागे उभे राहिले. त्यांना वाटलं, आता हात वर करून उभं राहायला सांगतील. त्यांनी ते केलंही असतं. कोट घालून, परीक्षकांसमोर. पण मातोश्रींनी बोटाने सांध्यावरून एकदा पुसलं, बोटाचा वास घेतला आणि वर निघून आल्या.

तीन दिवस मातोश्री घरात एक शब्द बोलल्या नाहीत. ना सुनेशी, ना मुलाशी. चौथ्या दिवशी टपालाने मान्यतापत्र आलं. कधी नव्हे ते सरकार वेळेवर! 'अडुसष्ट वर्षांची अखंड परंपरा' असं सोनेरी अक्षरांत. मातोश्रींनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं, लाल पेनने आडवं लिहिलं, 'हे खरं नाही. गू बोक-ऐ,' खाली शिक्का मारला आणि मुलापुढे सरकवलं.

"पोस्टात टाकून ये. रजिस्टर." मग जरा थांबून, "आणि येताना बसचं तिकीट आण. तोंगयोंगचं. फक्त जायचं."

जोंग-ताकच्या हातून पाकीट पडलं. "फक्त जायचं? आई, घर सोडून चाललात? माझ्यामुळे?"

"बस खाली." ते बसले. मातोश्री खिडकीकडे बघत बोलू लागल्या. "एकविसाव्या वर्षी सासूबाईंनी रांजण हातात दिला. म्हणाल्या, हा आटला तर घर आटलं. अठ्ठावन्न वर्षं झाली. कधी दहा दिवसांच्या वर घराबाहेर राहिले नाही. ढग आला की जीव वर गच्चीत. तुझ्या मावशीच्या लग्नात तिनं एक पळी मागितली होती. एक पळी. मी म्हटलं, हा परक्या घरी जायचा नाही. ती काही बोलली नाही. आता तिचं गुडघ्याचं दुखणं काढताना रोज वाटायचं, सांगावं हिला की चुकलं माझं. दहा दिवसांत एकदा तोंड उघडलं नाही. मला तरी कुठे येतं सांगता?"

जोंग-ताक आईकडे बघत राहिले. आपल्या आईला सांगता न येणारं काही असू शकतं, हेच त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सोयापेक्षा हा धक्का मोठा होता.

"दिली असती ती पळी," मातोश्री म्हणाल्या, "तर आज तिच्याकडे असता. फोडलास तू. संपवला मीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर त्या खिडकीजवळ बसल्या. मांडीवर उकडलेल्या अंड्यांची पिशवी. मी-ओकने शाल दिली, ब्योन काकूंनी पाच वर्षांच्या सोयाची बाटली दिली आणि स्वतःच लाजल्या. जोंग-ताक खिडकीखाली उभे होते. चालकाने इंजिन सुरू केलं तरी त्यांना विचारायचं धाडस होईना. शेवटी विचारलंच.

"आई, रागावलाय का अजून?"

"तर काय! मरेपर्यंत रागावणार आहे." मातोश्रींनी अंड्याचं कवच काढत खाली पाहिलं. "पण तो राग इथे बसूनच धरायला हवा, असं कुठे लिहिलंय? समुद्राकाठीही धरता येतो."

आणि बस निघाली.